कृष्णाकांठचा शिरोळ तालुका

आपल्या संस्कृत कोशकारांनीं देशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. जो देश पावसाच्या पाण्यावर पिकतो तो देवमातृक, आणि जो नदीच्या पाण्यावर पिकतो तो नदीमातृक. वर्गांत हे शब्द शिकवितांना मला उदाहरणासाठीं कधीं दूर जावें लागलें नाहीं. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोंकास असलेला आमचा शिरोळ तालुका हा नदीमातृक देशाचा इतका चोख नमुना आहे कीं, येथील मुलांना तो शब्द फोडून सांगावा लागत नाहीं. नदी ही येथें खरोखरीच आई आहे. ती भरवितेही आणि प्रसंगीं धपाटाही घालते.

कोल्हापूर, सांगली, मिरज आणि इचलकरंजी हीं शहरें या तालुक्याच्या भोंवतीं हाकेच्या अंतरावर आहेत. तेथून, आणि पुण्या-मुंबईहूनही, हजारों कुटुंबें दत्तदर्शनासाठीं नृसिंहवाडीस येतात. परंतु बहुतेकांचें येणें कसें असतें? सकाळीं यावें, संगमावर स्नान करावें, दर्शन घ्यावें, बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी पिशवींत घालावी आणि तिन्हीसांजेच्या आंत परत फिरावें. देऊळ पाहून होतें. ज्या मुलखांत तें उभें आहे तो पाहावयाचा राहून जातो. वाचकांपैकीं ज्यांचें पुढील खेपेस वाडीस येणें होईल त्यांनीं एक दिवस अधिक काढावा, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच.

या तालुक्याची ओळख नद्यांच्या नांवांनींच करून द्यावी लागते. उत्तरेस वारणा, ती सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेला मिळते, आणि तिच्या अलीकडच्या तीरावर आमचें कोथळी गांव आहे. मध्यभागीं पंचगंगा, ती वाडीस कृष्णेंत विलीन होते. दक्षिणेस दूधगंगा, ती दत्तवाड, दानवाड या गांवांजवळून वाहत पुढें कृष्णेस मिळते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर महाबळेश्वरापासून राधानगरीच्या पलीकडेपर्यंत जो पाऊस कोसळतो, त्याचा केवढा तरी भाग या एका तालुक्याच्या अंगावरून जातो. राजापूरचा बंधारा हा कृष्णेवरील महाराष्ट्राचा शेवटचा बंधारा. तो ओलांडला कीं नदी कर्नाटकाची होते. भाषेचेंही तसेंच आहे. मराठी बोलतां बोलतां इकडचा माणूस कानडींत केव्हां शिरला हें त्याचें त्यालाही कळत नाहीं.

तालुक्यांत शिरण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे जयसिंगपूर. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. त्यावर ‘शिरोळ रोड’ नांवाचें एक लहानसें स्टेशन होतें, आणि भोंवतीं उंच माळ. त्या माळावर राजर्षि शाहू महाराजांनीं आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नांवानें पेठ वसविली. आधीं आंखणी आणि मग वस्ती, असा हा उलटा क्रम असल्यामुळें येथील रस्ते सरळ असून एकमेकांस काटकोनांत छेदतात. तंबाखूच्या व्यापारानें ही पेठ नांवारूपास आली. अलीकडे दर वर्षीं गाळपाचा हंगाम तोंडावर आला कीं येथें शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते, आणि यंदा पहिली उचल किती मागावयाची तें तेथें ठरतें. त्या दिवशीं साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचें लक्ष जयसिंगपुराकडे लागलेलें असतें.

तेथून शिरोळ. तालुक्याचें हें मुख्य गांव वाडीकडे जाणाऱ्या वाटेवर असूनही यात्रेकरू तेथें क्वचितच उतरतात. त्यांनीं निदान भोजनपात्राचें दत्तमंदिर तरी पाहावें. श्रीनृसिंहसरस्वती येथें एका गरीब घरीं भिक्षेस गेले असतां घरांत पात्र नव्हतें. गृहिणीनें जोंधळ्याच्या कण्या दगडावरच वाढल्या, आणि स्वामींच्या बोटांचे ठसे त्या दगडावर उमटले, अशी श्रद्धा आहे. पूजा होते ती त्या दगडाची. सोन्यारुप्याच्या ताटाऐवजीं दारिद्र्याच्या दगडाला देव्हाऱ्यांत बसविणारा हा भाग आहे, एवढें त्यावरून ध्यानांत यावें.

शिरोळहून थोडेंच पुढें गेलें कीं नृसिंहवाडी. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील या स्थानीं श्रीनृसिंहसरस्वतींनीं बारा वर्षें वास्तव्य केलें आणि गाणगापुरास जातांना आपल्या पादुका येथें ठेविल्या, असें संप्रदाय सांगतो. औदुंबरच्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका आणि वाडीच्या मनोहर पादुका. पूजेची परंपरा आलासच्या भैरंभटांपासून चालत आली असें मानितात. आलास हें गांव याच तालुक्यांत आहे. गाभाऱ्यांत मूर्ति नाहीं, पादुकाच आहेत, आणि देवळास शिखरही नाहीं. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीस येथें दृष्टि आली म्हणून त्यानें हें देऊळ बांधविलें अशी आख्यायिका असून, मंदिराची ठेवण मुसलमानी इमारतीसारखी कां याचें उत्तर लोक त्या कथेंत शोधतात. समोर कृष्णेच्या पैलतीरावर औरवाड दिसतें. गुरुचरित्रांतील अमरापूर तें हेंच. अठराव्या अध्यायांत स्वामींनीं ज्या दरिद्री ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटला आणि ज्याला त्या वेलाच्या मुळाशीं द्रव्याचा कुंभ सांपडला, तो तेथलाच.

वाडीचें खरें वैशिष्ट्य मात्र पावसाळ्यांत पाहावयास मिळतें. देऊळ घांटाच्या पायऱ्यांवर, जवळजवळ नदीच्या पदरांतच आहे. आषाढ-श्रावणांत कृष्णा चढूं लागली म्हणजे पाणी उत्तरेच्या दारानें मंदिरांत येतें, पादुकांवरून वाहतें आणि दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दारांतून निघणाऱ्या पाण्यांत स्नान करण्यासाठीं लोक मध्यरात्रींही धांवत येतात. पाणी आणखी चढलें कीं उत्सवमूर्ति वरच्या बाजूस नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात, आणि पूर ओसरला म्हणजे गाळ धुऊन नित्यक्रम पुन्हां सुरू होतो. ज्यांनीं हें देऊळ बांधिलें त्यांना नदी येणार हें ठाऊक होतें. तिला अडविण्याकरितां त्यांनीं भिंत घातली नाहीं. येण्यास एक दार ठेविलें आणि जाण्यासही एक दार ठेविलें. या तालुक्याच्या सुखदुःखाची किल्ली मला नेहमीं या दोन दारांत दिसत आली आहे. तिच्याकडे पुढें येऊंच.

पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड. पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी. ८ मार्च १९४८ रोजीं हें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूरही झालें. तोंवर एका गांवाचा राजा वेगळा आणि नदीपलीकडील गांवाचा वेगळा, अशी इकडे स्थिति होती. संगमाच्या घांटावर सेनापति संताजी घोरपडे यांची समाधि आहे. औरंगजेबाच्या फौजेची झोंप उडविणारा हा वीर १६९७ सालीं स्वकीयांच्याच हातून मारला गेला. त्याच्या पराक्रमाच्या मानानें हें स्थान फारच साधें आहे. परंतु नदीचा आवाज ऐकत तेथें घटकाभर बसलें म्हणजे कोणत्याही मोठ्या स्मारकाची उणीव भासत नाहीं. कुरुंदवाडाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वीं एकदां गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळीं आले, तेव्हांपासून या गांवच्या पांच मशिदींत गणपति बसूं लागले. दोन्ही सण पुन्हां एकत्र येतात तेव्हां पीर आणि गणपति एका छपराखालीं असतात. बाहेर कोठें कांहींही घडो, गांवानें ही चाल मोडलेली नाहीं.

कुरुंदवाडाहून पूर्वेस, कृष्णेच्या वळणावर, तालुक्याच्या अगदीं काठाशीं खिद्रापूर आहे. नदीच्या पैलाड जुगूळ, तें कर्नाटकांत. येथील कोपेश्वराचें देऊळ पाहिल्यावांचून परत जाणें म्हणजे पंक्तींतून अर्धपोटीं उठणें होय. बाराव्या शतकांत कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राजवटींत, प्रामुख्यानें गंडरादित्याच्या काळीं, याची उभारणी झाली असें मानितात. समोरच्या स्वर्गमंडपास ४८ खांब असून मधोमध छत नाहींच. वर्तुळाकार मोकळें आकाश आहे, आणि त्याच्या बरोबर खालीं तेवढीच वाटोळी शिळा बसविली आहे. बाहेरच्या अंगास हत्तींची रांग जणुं सारें देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. गाभाऱ्यांत कोपेश्वर म्हणजे शिव आणि धोपेश्वर म्हणजे विष्णु, अशीं दोन लिंगें शेजारींशेजारीं आहेत. नंदी मात्र नाहीं. सतीच्या देहत्यागानें शंकर कोपले, विष्णूंनीं त्यांची समजूत घातली, आणि नंदी सतीबरोबर दक्षाकडे गेला तो तिकडेच राहिला, अशी कथा सांगतात. कृष्णाकांठींच्या यडूर येथील नंदी तो हाच म्हणतात.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांनीं दक्षिणेच्या दाराजवळील शिलालेख अवश्य पाहावा. तो देवगिरीच्या यादव सिंघणाचा असून शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ च्या सुमाराचा, आहे. त्यांत देवाच्या पूजेसाठीं गांव दान दिल्याचा उल्लेख आहे. एकदोन वर्षांपूर्वींच सिंघणानें शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव केला होता. राज्य जिंकल्याबरोबर जिंकलेल्या राजाच्या देवास गांव लावून देणें, हें त्या काळचें राजकारणही होतें आणि सौजन्यही. त्याहून जुनी एक आठवण या परिसराशीं जोडली जाते. इ. स. १०५४ च्या सुमारास कोप्पम् येथें चालुक्य सोमेश्वर आणि चोळ राजाधिराज यांची घनघोर लढाई झाली. राजाधिराज हत्तीवरच मारला गेला आणि त्याच्या धाकट्या भावानें रणांगणावरच राज्याभिषेक करविला. तें कोप्पम् म्हणजे हेंच खिद्रापूर, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. दुसरे कांहीं तें कर्नाटकांतील कोप्पळाकडे नेतात. वाद कसाही मिटो, तंजावरकडच्या चोळांचे हत्ती कृष्णेचें पाणी प्याले, ही कल्पनाही मनाला रोमांचित करणारी आहे. गांवांत आदिनाथाचें जुनें जैन मंदिरही आहे. या तालुक्यांतील शेतकरीवर्गांत जैनांची संख्या मोठी असून नांदणी येथें त्यांच्या भट्टारकांचा मठ आहे.

परततांना सैनिक टाकळीचा फांटा लागतो. घराघरांतून सैन्यांत गेलेल्या तरुणांमुळें गांवाच्या नांवामागेंच ‘सैनिक’ शब्द लागला. आणि कुरुंदवाडाच्या पलीकडे हेरवाड आहे. या गांवाचें नांव माझ्या भगिनीवर्गानें तरी विसरूं नये. मे १९२२ मध्यें शाहू महाराजांचें निधन झालें. त्या घटनेस शंभर वर्षें पूर्ण होत होतीं. त्याच मे २०२२ च्या आरंभीं हेरवाडच्या ग्रामसभेनें ठराव केला कीं, पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा गांवांत बंद. पंधरवडा लोटला नाहीं तोंच, १७ मे रोजीं, राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं हेरवाडचें अनुकरण करावें असें कळविलें. आगरकर आणि अण्णासाहेब कर्वे यांचीं नांवें घेणाऱ्या आमच्या पांढरपेशा घरांतून हळदीकुंकवाच्या दिवशीं विधवा बाई अजूनही स्वयंपाकघरांतच थांबते. जी गोष्ट आम्हांला शंभर वर्षांच्या व्याख्यानांनीं साधली नाहीं ती ऊस लावणाऱ्या एका खेड्यानें एका सभेंत हात वर करून साधली. ठराव झाल्यानें रूढि एका रात्रींत जाते असें नव्हे. पण ती कोणी तरी उघडपणें नाकारावी लागते, आणि तें प्रथम या गांवानें केलें.

आतां उसाविषयीं. जुन्या काळीं नदीकांठची मळईची जमीन पुरानंतर पिके. पाणी येई, दोन-चार दिवस राही, गाळ टाकून जाई. मग त्या गाळांत शाळू, हरभरा आणि कृष्णाकांठचीं ती प्रसिद्ध वांगीं येत. पुढें नदीवर बंधारे झाले, पाणी उपसणारीं यंत्रें आलीं आणि माळसुद्धां हिरवा झाला. याच तालुक्यांतील निमशिरगांवचे देशभक्त रत्नाप्पा कुंभार हे संविधानसभेचे सदस्य. त्यांनीं पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभारिला. शिरोळास श्रीदत्त कारखाना निघाला. या सहकारानें शेतकऱ्याचीं मुलें शिकलीं, खेड्यांत पक्कीं घरें उठलीं. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु जमिनीला पाणी पाजण्याची सोय झाली, तिच्यांतून पाणी काढण्याची मात्र राहिली. वर्षानुवर्षें पाणी मुरून हजारों एकर काळी रानें क्षारपड झालीं. वर मिठासारखा पांढरा थर आणि खालीं चिखल. अलीकडे दत्त कारखान्याच्या पुढाकारानें जमिनीखालीं सच्छिद्र नळ पुरून तें खारें पाणी ओढ्याकडे काढून देण्याचें काम चाललें आहे, आणि ज्या रानांत गवत उगवत नव्हतें तेथें पुन्हां पीक उभें राहिलें आहे.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे वाचकांनीं पाहिले असतील. खांबांच्या खांचांत बरगे बसवून पावसाळा सरतांना पाणी अडवावयाचें, आणि पुढचा पावसाळा येण्याआधीं तेच बरगे काढून नदी मोकळी करावयाची. वाडीच्या देवळाचीं दोन दारें, बंधाऱ्याचे हे बरगे आणि रानाखालचे ते नळ, या तिन्हींत एकच शहाणपण आहे: पाणी घ्यावें, पण त्याची जाण्याची वाट मोडूं नये. ज्या ज्या ठिकाणीं आम्हीं हें पाळलें तेथें नदी आईसारखी वागली. ज्या ठिकाणीं मोडलें तेथें काय झालें तें २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांनीं दाखविलें.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनें ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. तें सारें पाणी, आणि वरून आलेली कृष्णा आणि वारणा, शिरोळ तालुक्यांत एकत्र झाली. गांवेंच्या गांवें बेटें झालीं. नौदलाच्या नौकांनीं माणसें बाहेर काढावीं लागलीं. शाळा, मठ, मंगल कार्यालयें माणसांनीं भरलीं, आणि दावणीचीं जनावरें सोडून यावें लागलें म्हणून धट्टेकट्टे पुरुष ओक्साबोक्शीं रडले. माझा एक जुना विद्यार्थी नदीकांठीं शेती करतो. पूर ओसरल्यावर त्याच्या रानाच्या बांधावर मीं त्याला विचारलें, “पाण्याचें भय वाटतें कां रे आतां?” तो म्हणाला, “गुरुजी, पाणी यायचंच. आज्याच्या टायमालाबी येत हुतं. पन तवा ते जात हुतं. आता जाईल कवा, ते कुनीच सांगंना.” उसाचा शेंडा पाण्याखालीं पांच-सहा दिवस राहिला कीं तो कुजतो, त्याचा सारा ऊस काळा पडला होता.

त्या अशिक्षित वाटणाऱ्या उत्तरांत सगळा प्रश्न आहे. पाणी लवकर कां जात नाहीं? आमच्याकडे पहिलें बोट कर्नाटकांतील आलमट्टी धरणाकडे जातें. त्याची सध्यांची पातळी ५१९.६० मीटर असून ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास २०१० च्या कृष्णा पाणीतंटा निवाड्यानें अनुमति दिली आहे. ती उंची वाढूं नये म्हणून इकडील लोक झगडत आहेत, आणि त्यांची भीति समजण्यासारखी आहे. परंतु २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनें अतिवृष्टीबरोबरच नदीच्या पात्रांत आणि पूररेषेंत झालेल्या अतिक्रमणांवर बोट ठेविलें. नदीकडे पाठ करून उठलेले भराव, ओढे बुजवून पाडलेले प्लॉट, पुराच्या पट्ट्यांत बांधलेलीं घरें, हें सारें आम्हींच केलें आहे. उन्हाळ्यांत तर याच पंचगंगेंत वरच्या शहरांचें सांडपाणी आणि कारखान्यांचें मैलें येतें; तेरवाडच्या बंधाऱ्याशीं मेलेले मासे तरंगतात आणि केंदाळ माजतें. पावसाळ्यांत जिला वाट देत नाहीं तिच्याच उन्हाळी पाण्यांत घाण सोडावयाची, हें मातेशीं वागणें नव्हे.

गांवें उठवून उंचावर न्यावीं, असें कांहीं जण सुचवितात. ज्यांच्या घरांत तीनदां छतापर्यंत पाणी आलें त्यांनीं तें मान्य केलें तर त्यांस कोणी भ्याड म्हणूं नये. आणि ज्यांना बापजाद्यांचें रान सोडवत नाहीं त्यांस कोणी हट्टी म्हणूं नये. पण राहणाऱ्यानें आणि जाणाऱ्यानें एक गोष्ट सारखीच केली पाहिजे. घर उंचावर, गोठा त्याहून उंचावर, आणि नदीलगतची जमीन नदीसाठीं मोकळी. पुरांत बारा महिन्यांचें पीक उभें ठेवण्यापेक्षां पूर गेल्यावर येणारें पीक घ्यावें. मळईंत वांगीं आणि हरभरा घेणारे आमचे पूर्वज कांहीं मूर्ख नव्हते.

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांची वडिलोपार्जित जागा कृष्णाकांठीं असेल. मालक पुण्यास किंवा परदेशीं आणि जागा इकडे, असें अनेक घराण्यांचें झालें आहे. अशा जागेस आज चांगली किंमत येते. ती नदीच्या पट्ट्यांत असेल तर भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्यास ती विकूं नका, एवढीच माझी विनंती आहे. ती पडीक दिसली तरी पडीक नाहीं. पावसाळ्यांत तेवढें पाणी तेथें थांबतें, म्हणून खालच्या कोणाच्या तरी उंबऱ्याशीं तें चार बोटें कमी चढतें. आणि श्रावणांत दक्षिणद्वाराची वार्ता ऐकून वाडीस आलांत, तर स्नानानंतर ओल्या वस्त्रानिशीं क्षणभर मागें वळून त्या उत्तरेच्या दाराकडेही पाहा. येणाऱ्या पाण्याला तें आडवें आलेलें नाहीं, म्हणूनच दक्षिणेकडे तुम्हांला स्नान घडलें.